240 शोधनिबंधांतले आप्पांच्या कामाचे किती?

प्रश्न चाळीसगावचा आहे: "वडील, म्हणजे आप्पा, 67 वर्षांचे. पार्किन्सन्स होऊन 9 वर्षं झाली. सिंडोपाचा, म्हणजे लेव्होडोपाच्या गोळीचा असर आता अडीच-तीन तासांतच उतरतो. डीबीएस, म्हणजे मेंदूत तारा बसवायचं ऑपरेशन सुचवलंय. पुतणीने गूगल स्कॉलरवर शोधलं, तर मुंबईच्या डॉक्टरांचे 240 शोधनिबंध, 9,000 च्या वर सायटेशन आणि एच-इंडेक्स 38 निघाला. नाशिकच्या डॉक्टरांचे सगळे मिळून 11 पेपर. घरात दोन तट पडलेत. या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा?" सोबत दोघांच्या पानांचे स्क्रीनशॉट आहेत.

आधी उत्तर सांगून टाकतो, कारणं मागून. ऑपरेशन कुठे करायचं हे एच-इंडेक्सवरून ठरवू नका. पण ती यादी अगदीच बाजूलाही टाकू नका. नीट वाचली तर अर्ध्या तासात बरंच काही सांगते, फक्त वरचे तीन ठळक आकडे सोडून खाली उतरावं लागतं. मी जळगावात न्यूरॉलॉजीची प्रॅक्टिस करतो आणि अधूनमधून वैद्यकीय नियतकालिकांसाठी इतरांचे पेपर तपासून देतो. तेव्हा अशा याद्या कशा वाढतात तेही माहीत आहे आणि त्या कशा वाचायच्या तेही.

एच-इंडेक्स 2005 साली होर्हे हिर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने काढला. हिशेब सोपा. आपल्या पेपरांना दुसऱ्यांनी किती वेळा संदर्भ म्हणून घेतलं, म्हणजे किती सायटेशन मिळाली, ते उतरत्या क्रमाने मांडायचं. समजा एकाचे सहा पेपर आहेत आणि त्यांची सायटेशन 90, 40, 12, 6, 5 आणि 3 आहेत. पाच पेपर असे आहेत की प्रत्येकाला किमान पाच सायटेशन आहेत. सहाव्याला सहा नाहीत. म्हणून एच-इंडेक्स 5. आता दुसऱ्या कुणाचे पाचच पेपर आहेत, पण प्रत्येकाला दोन-दोन हजार सायटेशन. त्याचाही एच-इंडेक्स 5 च. एवढ्यावरून या आकड्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही ध्यानात येतील. शिवाय तो कधी कमी होत नाही. माणूस निवृत्त होऊन घरी बसला तरी जुन्या पेपरांना सायटेशन मिळत राहतात आणि आकडा हळूहळू चढत जातो. त्यामुळे साठीतल्या प्राध्यापकाची आणि चाळिशीतल्या डॉक्टरची तुलना यावरून करणं मुळातच चूक. गूगल स्कॉलर प्रबंधांपासून अप्रकाशित मसुद्यांपर्यंत सगळं मोजतं, म्हणून तिथला आकडा स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या सूचीपेक्षा जवळजवळ नेहमीच मोठा दिसतो. एकाचा आकडा इथला आणि दुसऱ्याचा तिथला घेऊन घरात भांडू नका.

कापूस काट्यावर घातला की क्विंटल कळतात. भाव मात्र धाग्याची लांबी आणि ओल बघून ठरतो. तेव्हा आता धागा बघू.

तुम्ही पाठवलेल्या पानावर पहिल्या चार ओळी बघा. चारही पेपर 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या प्रकल्पाचे आहेत. सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संस्थेतून चालणारा हा जगभरचा उपक्रम; कोणत्या देशात कोणत्या आजाराने किती माणसं मरतात, किती अपंग होतात याचा अंदाज मांडतो. काम चांगलं आहे, मी स्वतः व्याख्यानात त्यातली आकडेवारी वापरतो. पण अशा एकेका पेपरवर शेकडो लेखकांची नावं असतात आणि त्या प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण सायटेशन जमा होतात. तुमच्या डॉक्टरांच्या 9,000 पैकी जवळपास 6,000 या चार ओळींतूनच आलेत. ते वजा केले तर 3,000 उरतात. भारतात राहून, रोज ओपीडी सांभाळून एवढे मिळवणं ही साधी गोष्ट नाही. म्हणजे माणूस भक्कम आहे, पण पुतणीला वाटला त्याच्या एक तृतीयांश.

मग लेखकांचा क्रम बघायचा. वैद्यकीय पेपरात पहिलं नाव ज्याने प्रत्यक्ष राबून काम केलं आणि लिहिलं त्याचं, शेवटचं नाव विभागप्रमुखाचं किंवा ज्याच्या डोक्यातून कल्पना निघाली त्याचं, असा साधारण संकेत आहे. मधली नावं म्हणजे कुणी रुग्ण पाठवले, कुणी एमआरआय वाचले, कुणी आकडेमोड केली, आणि खरं सांगायचं तर काही ठिकाणी कुणाला दुखवायचं नव्हतं. लेखक कुणाला म्हणावं याचे आंतरराष्ट्रीय संपादक समितीचे चार निकष आहेत, ते कागदावर कडक आहेत. पाळले किती जातात हा वेगळा विषय. तुम्ही एवढंच करा: पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीवर डॉक्टरांचं नाव आणि 'पार्किन्सन' टाका, आणि कोणत्या पेपरांत ते पहिले किंवा शेवटचे आहेत ते मोजा. 240 चा आकडा झरझर खाली येईल. जो उरेल तो त्यांचा खरा ऐवज.

इथे खानदेशातल्या माणसाला एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. पबमेडच्या यादीत नाव आडनाव आणि आद्याक्षरानेच येतं. 'पाटील एस' टाकून बघा. हृदयरोग, दंतवैद्यक, कृषी कीटकशास्त्र, सगळीकडचे पाटील एका रांगेत उभे राहतील. चौधरी आणि महाजनांचंही तेच. गूगल स्कॉलरचं यंत्र यातले कुणाचे पेपर कुणाच्याही खात्यावर टाकतं आणि मालकाने ते काढले नाहीत तर आकडा फुगतो. यावर उपाय म्हणून 2012 पासून ओआरसीआयडी नावाचा सोळा अंकी क्रमांक मिळतो. ज्याने तो घेतलाय त्याची यादी जास्त विश्वासाची.

नावांचा हा घोळ मोठ्या माणसांबाबतही होतो. महाराष्ट्रातच दोन वाडिया झाले, दोघेही न्यूरॉलॉजीतले. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया, जे. जे. रुग्णालयातले. त्यांनी 1971 साली 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ कुटुंबांतला एक आनुवंशिक आजार मांडला. तोल जातो आणि डोळ्यांची हालचाल विलक्षण संथ होते, असा. त्याचं जनुक सापडायला 1996 उजाडलं. आज त्याला एससीए-2 म्हणतात. आणि दुसरे पुण्याचे डॉ. आर. एस. वाडिया. त्यांच्या एका पेपरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण 'संशोधनाचा प्रभाव' म्हणजे काय ते खानदेशात त्याच्याइतकं स्वच्छ कुठे दिसत नाही.

1974 साली डॉ. आर. एस. वाडिया आणि सहकाऱ्यांनी ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाची विषबाधा झालेले ओळीने 200 रुग्ण तपासून लंडनच्या एका न्यूरॉलॉजीच्या नियतकालिकात निरीक्षणं छापली. त्यांनी लक्षणांचे दोन गट पाडले. एक, दाखल होतानाच दिसणारी लक्षणं, जी विषावरच्या उताऱ्याने, म्हणजे अ‍ॅट्रोपिनने उतरतात. दुसरी, साधारण एक दिवस उलटल्यावर सुरू होणारी, जिथे अ‍ॅट्रोपिनचा उपयोग होत नाही. पुढे 1987 मध्ये श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी अशा दहा रुग्णांचं वर्णन 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये केलं आणि त्या अवस्थेला 'इंटरमीडिएट सिंड्रोम' हे नाव दिलं.

आता हे कपाशीच्या हंगामात आपल्याकडच्या वॉर्डात बघा. फवारणी करताना विष अंगात गेलेला किंवा रागाच्या भरात डबा तोंडाला लावलेला तरुण येतो. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंग घामाने निथळलेलं. अ‍ॅट्रोपिन सुरू होतं, दुसऱ्या दिवशी तो डोळे उघडतो, बोलतो, घरचे नारळ फोडायच्या गोष्टी करतात आणि घरी सोडा म्हणून मागे लागतात. नेमकी हीच वेळ धोक्याची. मुरलेली सिस्टर जवळ जाते आणि म्हणते, "भाऊ, उशीवरून डोकं वर उचल बरं." मान उचलता आली नाही, की समजायचं पुढच्या काही तासांत श्वासाचे स्नायू थकणार, व्हेंटिलेटर जवळ आणून ठेवायचा. त्या सिस्टरने ना पुण्याचा पेपर वाचलाय ना श्रीलंकेचा. पण तिची ती एक आज्ञा त्या दोन पेपरांतून झिरपत आलेली आहे. असा प्रभाव गूगल स्कॉलर मोजू शकत नाही, कारण सिस्टर सायटेशन देत नाही.

दुसरं उदाहरण लहान मुलांच्या फिटचं. मुलाला झटका येतो, सीटी स्कॅनवर मेंदूत एक बारीक गोल चकती दिसते. एके काळी अशा चकतीला सर्रास टीबीची गाठ समजत आणि त्या पोराला महिनोन्‌महिने टीबीची औषधं चालत. वेल्लोरच्या डॉ. राजशेखर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की त्यातल्या बऱ्याचशा चकत्या डुकराच्या पट्टकृमीच्या अळीच्या, म्हणजे सिस्टिसर्कोसिसच्या असतात. 1993 मध्ये त्यांनी दोन्ही ओळखायचे निकष छापले: आकार 20 मिलिमीटरच्या आत की बाहेर, कडा गुळगुळीत की खडबडीत, मेंदूची मधली रेषा सरकलीय का, वगैरे. तेव्हापासून अशी किती मुलं टीबीच्या गोळ्यांपासून वाचली असतील! अल्झायमरच्या एखाद्या गाजलेल्या पेपरापुढे या कामाची सायटेशन किरकोळ दिसतील, कारण पट्टकृमीवर संशोधन करणारी श्रीमंत प्रयोगशाळा जगात फार नाही. ज्या विषयात गर्दी जास्त तिथे सायटेशन जास्त, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने 'रिलेटिव्ह सायटेशन रेशो' नावाचं एक माप काढलंय, ते त्याच विषयातल्या, त्याच वर्षाच्या पेपरांशी तुलना करतं. त्यांच्या आयसाइट या साइटवर फुकट बघता येतं आणि एच-इंडेक्सपेक्षा पुष्कळ शहाणं आहे.

मोठं सायटेशन म्हणजे खरं संशोधन, हेही धरून चालू नका. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाच्या एका विशिष्ट रूपाबद्दल 2006 साली 'नेचर'मध्ये पेपर आला होता. त्याला 2 हजारांहून जास्त सायटेशन मिळाली. 2022 मध्ये 'सायन्स'ने त्यातल्या चित्रांबद्दल गंभीर शंका छापल्या आणि 2024 मध्ये तो पेपर मागे घेतला गेला. तोवर अठरा वर्षं लोक त्याचा हवाला देत होते. मागे घेतलेल्या पेपरवर पबमेडमध्ये ठळक सूचना असते, आणि मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची यादीही आता सगळ्यांना खुली आहे. डॉक्टरांचं नाव तिथे एकदा टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. तिथे एखादा पेपर सापडला म्हणून लगेच हाय खाऊ नका. प्रामाणिक चूक ध्यानात आली म्हणून लेखकांनी आपणहून मागे घेतलेलेही असतात. कारण वाचा.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल थोडक्यात. एखाद्या नियतकालिकातल्या अलीकडच्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात, त्याचा हा आकडा. तो नियतकालिकाचा असतो, माणसाचा नसतो. युजीन गारफील्ड यांची ती कल्पना, ग्रंथालयांनी कोणती नियतकालिकं घ्यावीत हे ठरवायला फार उपयोगी पडली. 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'चा तो चाळीसच्या पुढे असतो. आपल्या 'न्यूरॉलॉजी इंडिया'चा किंवा 'अ‍ॅनल्स ऑफ इंडियन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी'चा त्याच्या आसपासही नाही. पण आपल्याकडच्या रुग्णांबद्दलचं जे वाचायचं असतं ते मी याच दोन ठिकाणी वाचतो. खरी भीती तिसऱ्या प्रकारची: पैसे भरा, आठवड्यात छापतो म्हणणारी नियतकालिकं. मेडिकल कॉलेजात बढतीला पेपर लागतात, त्यामुळे त्यांचा धंदा चालतो. "आदरणीय प्राध्यापक महोदय" अशा मायन्यांच्या मेल माझ्याकडे रोज येऊन पडतात. यादीत अशी नावं भरपूर दिसली तर आकडा निम्मा धरा.

आणि चौकात 'जगातील अव्वल 2 टक्के शास्त्रज्ञांत निवड, हार्दिक अभिनंदन' असा फ्लेक्स दिसला, तर तो पुरस्कार नव्हे. स्टॅनफर्डचे जॉन आयोअनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून दरवर्षी एक यादी गणिताने काढतात. कुणी कुणाची निवड करत नाही. तरी यादी वाईट नाही. ती पहिलं आणि शेवटचं नाव वेगळं धरते, स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वजा करूनही दाखवते. तीत संपूर्ण कारकिर्दीची एक आणि एका वर्षाची एक अशा दोन याद्या असतात. फ्लेक्सवर कोणती ते लिहिलेलं नसतं.

आता आप्पांकडे येऊ. त्यांच्या फाइलवर 'होन-यार स्टेज 3' असं लिहिलेलं असेल. पार्किन्सन्स किती पुढे गेलाय ते सांगणारी ती मोजपट्टी 1967 च्या एका पेपरातली. अशा मोजपट्ट्यांचे आणि उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांचे पेपर सायटेशन गोळा करण्यात सगळ्यांच्या पुढे असतात. मुंबईच्या डॉक्टरांच्या यादीत मार्गदर्शक सूचना किंवा आढावा लेख किती आहेत ते बघून बाजूला ठेवा. मग डीबीएसचे जे पेपर उरतील ते उघडा. पूर्ण नाही, नुसता सारांश वाचला तरी चालेल. पुतणी वाचू शकेल. तिला सांगा, तीन गोष्टी शोध. स्वतः ऑपरेशन केलेल्या रुग्णांची मालिका छापलीय का? त्यांचा पाठपुरावा सहा महिन्यांचा आहे की पाच वर्षांचा? आणि रक्तस्राव, जंतुसंसर्ग, तार सरकणं अशा अडचणी आकड्यांत दिल्यात का? माझ्या मते हा तिसरा मुद्दा सगळ्यांत बोलका. ज्याने आपल्या अडचणी छापल्या, त्याच्या टीममध्ये त्या मोजायची शिस्त आहे. 'एकही अडचण आली नाही' असं लिहिणाऱ्याने एक तर फार थोडी ऑपरेशनं केलीत किंवा मोजलं नाही.

नाशिकच्या डॉक्टरांचे 11 पेपर मी बघितले. सात केस रिपोर्ट, तेही एकेकट्या रुग्णाचे, बहुतेकांत पहिलं नाव त्यांचंच. सायटेशन नगण्य. पण प्रत्येकात रुग्णाजवळ बसून बारकाईने पाहिलेलं दिसतं. जेम्स पार्किन्सनचा 1817 चा मूळ निबंध सहाच माणसांवर होता, त्यातली काही तर त्याने रस्त्यातच पाहिलेली. असा डॉक्टर आप्पांना रोजच्या औषधांसाठी लाभत असेल तर सोडू नका.

पण यादी जे सांगत नाही ते तुम्हाला तोंडाने विचारावं लागेल. वर्षाला किती डीबीएस होतात? ऑपरेशननंतर मशीनचं प्रोग्रामिंग कोण करतं, मोठे डॉक्टर की दुसरं कुणी? आणि कुठे? कारण खरं काम तारा बसवल्यावर सुरू होतं. करंट किती, कोणत्या टोकाला, हे जुळवायला काही महिने लागतात आणि तेवढ्या फेऱ्या होतात. चाळीसगावहून मुंबईची रेल्वे सोयीची असली तरी 67 वर्षांच्या, पाय अडखळणाऱ्या माणसाला दर वेळी नेणं सोपं नाही. नाशिक त्याच लाइनवर अलीकडे आहे. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर ऑपरेशन ज्या मुंबईच्या टीमच्या हाताखालून नेहमी जातं तिथे केलं असतं, आणि प्रोग्रामिंग व औषधं नाशिकला होतील का हे दोघांनाही आधीच विचारून घेतलं असतं. दोन डॉक्टरांत असा समझोता होतो. विचारायला संकोच करू नका.

त्याआधी आप्पा ऑपरेशनला योग्य आहेत का, हे तपासलं जाईल. लेव्होडोपाने जे सुधारतं तेच साधारणपणे डीबीएसने सुधारतं. हाताची थरथर मात्र गोळीला दाद देत नसली तरी डीबीएसला बऱ्याचदा देते. गोळी अंगात असतानाही तोल जात असेल, बोलणं अस्पष्ट असेल किंवा विसराळूपणा वाढला असेल, तर त्यात तारांनी फरक पडायची आशा कमी. म्हणून रात्रभर गोळी बंद ठेवून, सकाळी तपासून, मग गोळी देऊन पुन्हा तपासतात. हालचालींच्या गुणांत किमान 30 टक्के सुधारणा दिसावी अशी साधारण अपेक्षा असते. ही चाचणी कुणाचा एच-इंडेक्स किती आहे त्यापेक्षा हजार पटींनी महत्त्वाची आहे, आणि ती घरी करून बघायची नाही. गोळ्या मनाने बंद केल्या तर अंग आखडून जिवावर बेतू शकतं.

जाताना तीन-चार दिवसांची वही न्या: गोळी किती वाजता घेतली, असर कधी सुरू झाला, कधी उतरला, जास्तीची वळवळ कधी झाली. आणि मोबाइलवर दोन व्हिडिओ, एक असर असतानाचा आणि एक उतरलेला असतानाचा. खुर्चीतून उठणं, दारातून वळणं आणि बोलणं, तिन्ही येऊ द्या. बोलताना त्यांना घरच्यासारखं अहिराणीत बोलू द्या. दवाखान्यात माणूस जपून, सावकाश बोलतो आणि डॉक्टरांना आवाज किती खाली गेलाय ते कळत नाही.